नाशिकरोडला छापलेली पाकिस्तानी नोट: आधी तिजोरी की आधी राज्यघटना?

जेलरोडकर:
रविवारी नाण्या-नोटांच्या प्रदर्शनात दहाची एक जुनी नोट पाहिली. सहाव्या जॉर्जचा चेहरा, सही रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख यांची, आणि वॉटरमार्कच्या कोऱ्या जागेत शिक्का: वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’, खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. छपाई आपल्या प्रेसची! ऑगस्ट १९४७ मध्ये देश झाला, पण ३० जून १९४८ पर्यंत त्यांची मध्यवर्ती बँक म्हणजे आपली रिझर्व्ह बँकच. त्यांची स्टेट बँक १ जुलैला उघडली. फाळणीत रोख शिलकीतले ७५ कोटी त्यांच्या वाट्याला ठरले होते. त्यातले २० मिळाले, ५५ जानेवारी १९४८ पर्यंत अडकले. (५५ कोटींवरून इथे भांडू नका, त्याचा वेगळा धागा काढा.) झेंडा एका रात्रीत शिवून होतो, तिजोरी नाही. म्हणून म्हणतो, नव्या देशाचं खरं दुखणं पैशाचंच.

पंचवटीचे मास्तर:
नाही पटत. नोटा शेजाऱ्याने छापून दिल्या, घटना कोण छापून देणार होतं? आपली २६ जानेवारी १९५० ला लागू झाली, १९५१-५२ ला मतदानही झालं. त्यांची यायला मार्च १९५६ उजाडलं आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारून ती गुंडाळली. पहिली थेट सार्वत्रिक निवडणूक १९७० ला! तीत पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, पक्षाला बहुमत मिळालं, पण सत्ता काही मिळाली नाही. पुढच्या वर्षी देश फुटला. यात तिजोरीचा काय दोष?

निफाडचा बागायतदार:
मास्तर, तुम्ही पोटाचं विसरलात. ताग पिकायचा त्यांच्या पूर्व बंगालात, गिरण्या आपल्या कलकत्त्याकडे, आणि मधे नवी हद्द. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड घसरला. आपण रुपया उतरवला, त्यांनी नाही उतरवला. म्हणजे त्यांच्या १०० ला आपले १४४. आपण तो दर मानला नाही आणि व्यापार अडला, तो फेब्रुवारी १९५१ च्या करारापर्यंत. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा लासलगावात लिलाव कसे बंद पाडले, आठवतंय ना? माल घरात आणि गिऱ्हाईक हद्दीपलीकडे, अशा शेतकऱ्याला घटनेचं काय कौतुक?

पंचवटीचे मास्तर:
अहो, रुपया न उतरवायचं ठरलं कुठे? कराचीत. ताग पिकवणाऱ्याच्या हातात तेव्हा काय होतं? तुमच्या कांद्याचा निर्णय तरी निफाडात झाला होता का? फरक एवढाच, की तुम्ही पुढच्या निवडणुकीत राग काढू शकलात. आणि जेलरोडकर, त्या नोटेकडे परत बघा. शिक्का इंग्रजीत आहे, उर्दूत आहे. देशातले निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलणारे, त्यांची भाषा शिक्क्यात कुठेय? याच भाषेपायी २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात गोळीबार झाला.

जेलरोडकर:
हे नव्हतं सुचलं. काचेला नाक लावून बघत होतो, तरी लक्ष सगळं देशमुखांच्या सहीवर. पण मास्तर, बंगालीचा ठसा करायला तरी आधी प्रेस लागतेच की!