फटाके, फौजी आणि उशिरा कळलेलं एडीएचडी
वर कोणीतरी लिहिलंय, "सीमेवर गोळीबार पाहिलेल्याला दिवाळीच्या फटाक्यांची कसली भीती?" अहो, डोक्याने विचार करायच्या आत अंग खाली झुकतं, त्याला काय करणार! आमचे मामा निवृत्त फौजी, कामठीला असतात. हॉटेलात पाठ भिंतीला, तोंड दाराकडे; वेटरने मागे ट्रे आपटला की जेवण संपलं. पीटीएसडी (भयानक अनुभवानंतर मनावर राहिलेला आघात) आधी कळलं, लहानपणापासूनचं एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) पार पन्नाशीनंतर. फौजेत दिवसभर सगळं आखलेलं, त्यात ते झाकून गेलं असावं. पीटीएसडी असो की एडीएचडी, झोप नि लक्ष दोन्हींत बिघडतं, म्हणून डॉक्टरांना बालपणाचंही सांगा. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहेच. आणि "योगा करा, सगळं ठीक होईल" वाल्यांनी जरा दमानं घ्या.