श्रद्धा आणि तर्क: तुमचं कसं जुळतं?

गोदाकाठची
काल मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेलो होतो. लाल फडक्यात बांधलेलं मडकं बघितलं आणि आमच्या आप्पांचा दिवस जसाच्या तसा समोर आला. मी रसायनशास्त्र शिकवते. रामकुंडात अस्थी विरघळतात हे लहानपणापासून ऐकलेलं. हाडात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आप्पांच्या वेळी गुरुजींनी ओंजळ धरायला सांगितली. एक तुकडा करंगळीच्या पेराएवढा, खडूसारखा हलका, कडेला राखाडी. सूत्र डोक्यात होतंच, आणि तोंडून निघालं, "या आप्पा." सूत्र खोडावंसं वाटलं नाही, हातही मागे घ्यावासा वाटला नाही. सात वर्षं झाली, अजून तिथेच आहे मी. तुम्ही लिहा ना.

पंचवटीकर
पाऊस लागला की आजोबा विचारायचे, "मारुतीला कुठवर आलं?" गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी म्हटलं की खालचं धान्य माळ्यावर. छातीला लागलं की म्हातारी माणसं मामाकडे. २०१९ च्या ऑगस्टात तो पुरता बुडाला, आणि मी पहिल्यांदा आजोबांसारखे हात जोडले. नमस्कारही त्यालाच, मोजपट्टीही तोच.

सायलीचं झाड
ताई, आप्पांना नमस्कार. गॅसवर दूध आहे, येते.

सातपूरचा
लेकाला दुर्बिणीतून गुरू दाखवला, बाजूला चार चंद्र ओळीत. म्हणाला, "बाबा, हाच का कुंभमेळ्याचा गुरू?" हाच. सूर्याभोवती एका फेरीला ११.८६ वर्षं, म्हणून बारा वर्षांनी पुन्हा सिंह राशीत, आणि तेव्हाच इथला कुंभमेळा. मी त्र्यंबकला कुशावर्तात डुबकी मारत नाही, बायको मारते. पण शेकडो वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी कुणीतरी ही फेरी मोजली, त्या माणसापुढे मी वाकतो.

येवल्याची
माझं थोडं वेगळं आहे. पणजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते, २ मार्च १९३० पासून. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब आमच्या येवल्यातच म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही. आजी रोज पहाटे बुद्धवंदना म्हणते. मी विचारलं, बुद्धाने तर तपासून घ्या म्हटलंय, मग मेणबत्ती कशाला? म्हणाली, "तपासूनच लावते गं." देव आहे का, यावर आमच्या घरात वाद होत नाही. आत कोणाला घेतलं नाही, त्यावर होतो.

गोदाकाठची
@येवल्याची, त्या दारावरून मी शाळेत जायचे आणि हे कुणी सांगितलं नव्हतं. आजींना नमस्कार सांग.

पंचवटीकर
+१. आजींचं वाक्य आईला वाचून दाखवलं.

सायलीचं झाड
आले. दूध उतू गेलंच. सासूबाईंना शुगर, तरी नवरात्राचे नऊ दिवस उपास. डॉक्टरांनी समजावलं, मी भांडले, काही नाही. शेवटी स्वतःच देवीपुढे बसून म्हणाल्या, "आई, गोळी घ्यायची तर पोटात काही हवं," आणि दोन वेळा भगर खायला लागल्या. मला नसतं सुचलं. आता वणीला जायचं म्हणतायत, गुडघे दुखतात. गडावरच्या ट्रॉलीला शनिवारी फार गर्दी असते का? कुणी गेलंय एवढ्यात?

सातपूरचा
शनिवार नको. मंगळवार-शुक्रवारही नको. बुधवारी सकाळी लवकर निघा.