दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये डेटा वेअरहाउस (विश्लेषणासाठी एकत्र केलेला डेटासाठा) कसं बसवायचं?

प्रश्न: विक्रीचा डेटा मार्ट (वेअरहाउसमधला एका विषयाचा भाग) करतोय. तीन स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे) स्टेजिंगमध्येच, म्हणजे कच्चा डेटा आणून ठेवायच्या थरातच गेले, वापरकर्त्यांना दाखवायला काहीच नाही. कामाचे तुकडे कसे पाडावेत?

उत्तर १: थरांप्रमाणे नको, उभे काप, म्हणजे सगळ्या थरांतून जाणारा छोटा पण पूर्ण भाग घ्या: एक फॅक्ट टेबल (विक्रीचे आकडे), तारीख-ग्राहक-उत्पादन ही ३ डायमेन्शन्स (आकड्यांना संदर्भ देणारी टेबलं), एक रिपोर्ट. ग्रेन, म्हणजे एक रो नेमकं काय दाखवते ते, मात्र आधीच पक्का करा. बिलातली एक ओळ म्हणजे एक रो. महिन्याच्या बेरजांपासून सुरुवात केलीत, तर पुढे तपशील मागितला की सगळं पुन्हा लोड करावं लागतं.

उत्तर २: सहमत. शिवाय टाइप २ इतिहास (बदल झाला की जुनी रो तशीच ठेवून नवी जोडणं) पहिल्या लोडपासूनच ठेवा. ग्राहकाचं शहर बदललं की बहुतेक सोर्स (डेटा जिथून येतो त्या मूळ सिस्टिम्स) जुनं पुसतात, मग ते परत मिळत नाही.

उत्तर ३: दर लोडनंतर रो-मोजणी आणि रकमेची बेरीज सोर्सशी आपोआप ताडून पाहा. डायमेन्शनमध्ये न सापडलेल्या कीज (रो ओळखायचे क्रमांक) तिथल्या -१ या ‘अज्ञात’ रोला जोडा, नाहीतर इनर जॉइनमध्ये (फक्त जुळलेल्या रो ठेवणाऱ्या जोडणीत) विक्री गुपचूप गळते.