पार्ले बेटिंग: दहा डॉलरची गंमत की सगळ्यात महाग पैज?

एडिसनवाला:
धागा काढायचं कारण असं की एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा सीझन सुरू झाला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी पार्लेच्या स्लिपा पडायला लागतात. कुणीतरी दहा डॉलरचे अडीचशे केले की लगेच स्क्रीनशॉट, खाली अंगठ्यांची रांग, आणि पुढच्या रविवारी अजून चार पोरं लावायला तयार. हरलेली स्लिप कोणी टाकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पार्ले म्हणजे तीन-चार-पाच पैजा एका स्लिपवर बांधायच्या, प्रत्येक पैजेला लेग म्हणतात, सगळे लेग लागले तरच पैसे, एक जरी गेला तरी अख्खी स्लिप गेली. १४ मे २०१८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या बेटिंगच्या बंदीचा १९९२ चा कायदा उडवला, ती केसच आपल्या न्यू जर्सीची होती, आणि तेव्हापासून एकेका राज्याने हे खुलं केलं.

आता हिशोब. दोन्ही बाजू बरोबरीच्या असतील तर साध्या पैजेचा नेहमीचा भाव म्हणजे ११० लावा, १०० जिंका. यात बुकीचा कट शंभराला साधारण साडेचार डॉलर. पार्लेत हा कट एकदाच लागत नाही, प्रत्येक लेगमागे पुन्हा लागतो. दोन लेगना तो ९ होतो, तीनला १३, पाचला जवळजवळ २१, आणि दहा लेगचा लावलात तर ३७. पाच लेगचा पार्ले ३२ वेळांत एकदा लागणार, म्हणजे दहा डॉलरला ३२० मिळायला हवेत, हातात येतात साधारण २५४. मधले ६६ स्लिपवर कुठेच लिहिलेले नसतात. नेवाडाचे अनेक वर्षांचे सरकारी आकडे बघा, सगळे खेळ धरून बुकींनी शंभरातले पाच-सहा ठेवलेत आणि पार्ले कार्डांवर तीसच्या आसपास. म्हणूनच ॲप उघडलं की पहिल्या स्क्रीनवर पार्ले, बूस्ट (म्हणजे वाढीव भाव) हवा तर किमान तीन लेग, आयते जोडून ठेवलेले पार्ले, एक बोट लावलं की झालं.

माझं मत सरळ आहे. बेटिंगवर बंदी नको, पण पार्लेच्या स्लिपवर कंपनीचा कट छापलाच पाहिजे आणि हे असं पुढे पुढे करणं थांबलं पाहिजे. आणि ज्याला खेळायचंच आहे त्याने साधी पैज लावावी, ठरवलेल्या पैशात. तुम्हाला काय वाटतं?

रविवार_फुटबॉल:
साफ असहमत. तुमचं गणित बरोबर आहे पण अर्धंच मांडलंय. मी रविवारी पाच मॅचेस बघतो. प्रत्येक मॅचवर दहा-दहाची साधी पैज लावली तर ५० डॉलर लागले, साडेचार टक्क्यांनी माझा सरासरी तोटा २ डॉलर २७ सेंट. त्याच पाच मॅचेसचा दहा डॉलरचा एक पार्ले लावला तर सरासरी तोटा २ डॉलर ८ सेंट. म्हणजे दिवसभराच्या मजेची किंमत तीच, उलट थोडी कमीच, आणि खिशातून बाहेर फक्त दहा डॉलर. टक्का मोठा दिसतो कारण रक्कम छोटी आहे. नाटकाच्या तिकिटाला आपण तीस-चाळीस डॉलर मोजतो तेव्हा कोणी विचारत नाही की परत किती मिळाले. मोठी माणसं आहोत, नोकऱ्या करतो, टॅक्स भरतो, दहा डॉलरचं काय करायचं ते आम्हाला ठरवू द्या ना. आणि २०१८ च्या आधी लोक लावत नव्हते का? लावत होते, बाहेरच्या देशातल्या साइटींवर, जिथे जिंकलात तरी पैसे मिळतील याची खात्री नाही. आज निदान वय २१ ची अट आहे, तक्रार करायला जागा आहे, आणि राज्याला ऑनलाइन बेटिंगच्या कमाईवर १९.७५ टक्के कर मिळतो.

एडिसनवाला:
@रविवार_फुटबॉल, तुमचा मुद्दा चांगला आहे आणि एका रविवारपुरता तो पूर्ण खराही आहे. पण सीझन धरा. रेग्युलर सीझन १८ आठवड्यांचा. ३२ त एक लागणारा पार्ले दर आठवड्याला एक लावला तर अख्ख्या सीझनमध्ये एकदाही न लागण्याची शक्यता ५६ टक्के आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक सप्टेंबर ते जानेवारी एकही स्लिप न जिंकता बसणार. अशा माणसाने दहाचे दहाच ठेवावेत ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. खरं काय होतं, चार लेग लागतात, पाचवा शेवटच्या मिनिटाला जातो, आणि वाटतं की आपल्याला कळतंय, थोडक्यात हुकलं. पाचातले चार लागणं आणि पाचातला एकही न लागणं, पैशाच्या दृष्टीने दोन्ही शून्य. पण मनाला ते तसं वाटत नाही आणि पुढच्या वेळी दहाचे पंचवीस होतात. साध्या पैजेत निम्म्या वेळा काहीतरी परत येतं म्हणून माणूस इतका हातघाईला येत नाही.

लालबागचा_भाचा:
मटक्याचा हिशोब सांगतो, आमच्याकडे गिरणगावात घराघरात माहीत होता. कल्याण-वरळीच्या मटक्यात ००पासून ९९पर्यंतची जोडी, म्हणजे शंभरात एक चान्स, आणि भाव साधारण ९० पट. म्हणजे मटकेवाला शंभरातले १० ठेवायचा. वर एडिसनवाल्यांनी दिलेत ते आकडे बघितले तर तीन लेगचा पार्ले मटक्याच्या जोडीपेक्षा महाग पडतो. ज्या धंद्याने गिरणी कामगारांचे पगार खाल्ले, बायका पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर उभ्या राहायच्या, त्याच्यापेक्षा जास्त कट घेणारी गोष्ट आज सुशिक्षित पोरं फोनवर खेळतायत आणि त्याला एंटरटेनमेंट म्हणतायत. माझं मत पूर्ण बंदी. भारताने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन गेम्सवर देशभर बंदीचा कायदा केला, ड्रीम११ ने सुद्धा पैशाचे कॉन्टेस्ट बंद केले, टीम इंडियाच्या जर्सीवरून नाव गेलं. करायचं ठरवलं तर होतं.

रविवार_फुटबॉल:
@लालबागचा_भाचा, बंदीने थांबतं तर मटका कधीच थांबला असता, तोही बेकायदेशीरच होता ना? आणि महादेव या बेकायदेशीर बेटिंग ॲपचं प्रकरण २०२३ चं, म्हणजे जुगार कायद्याने बंद असतानाच ते एवढं मोठं झालं. माझा दहा डॉलरचा पार्ले बंद करून तुम्ही मला टेलिग्रामवरच्या बुकीकडे पाठवणार. तिथे ना लिमिट ना वयाची अट.

आकडेमोड:
गणितवाल्यांनी एक गोष्ट सोडली. वरचे सगळे हिशोब वेगवेगळ्या मॅचेसच्या पार्लेचे आहेत. हल्ली जास्त खपतो तो सेम गेम पार्ले, एकाच मॅचमधले लेग: अमुक टीम जिंकणार, तिचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) ३०० यार्ड टाकणार, तमुक रिसिव्हर (बॉल झेलणारा) टचडाउन करणार. या गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात, एक झाली की दुसरीची शक्यता वाढते, त्यामुळे भाव नुसते गुणून चालत नाही. कंपनी आपल्या मॉडेलने एक आकडा दाखवते आणि आपण तो घ्यायचा. साध्या पैजेत दोन्ही बाजूंचे भाव समोर असतात, त्यावरून कोणीही कट काढू शकतो. इथे दुसरी बाजूच दिसत नाही, मग किंमत काढणार कशी? @रविवार_फुटबॉल यांचा २ डॉलर ८ सेंटचा हिशोब इथे लागूच होत नाही, माझा या चर्चेतला मुख्य आक्षेप हा आहे.

दुसरं म्हणजे एकेका खेळाडूच्या आकड्यांवरचे लेग खेळालाच पोखरतात. टोरांटोचा बास्केटबॉलपटू जॉन्टे पोर्टर आठवा. मार्च २०२४ मध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध तीनेक मिनिटं खेळून बरं नाही म्हणून बाहेर गेला, आणि त्याचे आकडे कमी राहतील यावर कोणीतरी ८०,००० डॉलरचा पार्ले लावला होता, लागला असता तर ११ लाख. त्याच्यावर आजन्म बंदी आली, पुढे त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन पिचरांवर (बेसबॉलमधले बॉल टाकणारे) ठरवून पिच, म्हणजे बॉल, टाकल्याचे आरोप लागल्यावर बेसबॉल लीगने कंपन्यांशी बोलून एकेका पिचवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली आणि त्या पैजा पार्लेत घ्यायच्याच नाहीत असं ठरवलं. म्हणजे पार्लेत काय चालेल काय नाही याची रेघ मारता येते. सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांच्यामध्ये बरंच काही करता येण्यासारखं आहे.

शार्लटची_ताई:
सगळे पुरुष टक्क्यांवर भांडतायत म्हणून लिहिते. नॉर्थ कॅरोलायनात हे मार्च २०२४ ला सुरू झालं. आमच्या ओळखीच्या एका घरात जॉइंट अकाउंट बायकोने वर्षभर उघडून बघितलं नव्हतं, नवरा चांगला, दारू नाही सिगरेट नाही, आणि पैसे वीस-वीस पंचवीस-पंचवीस डॉलरने गेलेले, एकही रक्कम डोळ्यात भरण्यासारखी नाही. एकदाच दोन हजार गेले असते तर फोनवर बँकेचा मेसेज आला असता. छोट्या रकमेची गंमत हेच याचं दुखणं आहे, @रविवार_फुटबॉल दादा, तुम्ही स्वतः सांभाळत असाल याबद्दल शंका नाही, पण तुमचा दहा डॉलरचा मुद्दा त्या घरातही रोज सांगितला जात होता. यूसीएलए आणि यूएससी या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलंय की ऑनलाइन बेटिंग आलेल्या राज्यांत लोकांचे क्रेडिट स्कोअर घसरले आणि दिवाळखोऱ्या वाढल्या. हे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरांबद्दलच आहे.

ॲपच्या तळाशी बारीक अक्षरात जबाबदारीने खेळा लिहिलेलं असतं त्याला माझ्या लेखी काही किंमत नाही. लिमिट ॲपच्या बाहेर हवी. वेगळं अकाउंट, त्यात महिन्याला ठरलेले पैसे, क्रेडिट कार्ड जोडायचंच नाही, आणि स्टेटमेंट दोघांनी मिळून बघायचं. नवऱ्याला वा बायकोला दाखवता येत नसेल तर ती गंमत राहिलेली नाही.

रविवार_फुटबॉल:
ताई, वेगळं अकाउंट आणि दोघांनी बघायचं हे पूर्ण मान्य. आमच्याकडे तसंच आहे, महिन्याचे ६० डॉलर, डिपॉझिट लिमिट ॲपमध्येही टाकून ठेवलीय. सेम गेम पार्लेचा मुद्दाही मान्य, त्यात किंमत कळत नाही हे खरं आहे. स्लिपवर कट छापायचा कायदा आला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण बंदीला माझा विरोध कायम आहे, दुसऱ्याच्या घरात सांभाळलं गेलं नाही म्हणून माझ्या घरातलं बंद करा हे मला पटत नाही.

टेम्पेचा_विद्यार्थी:
मी मास्टर्सला आहे, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर, आल्याला एक वर्ष झालं. आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळेच लावतात, आयपीएल बघून आलेली पोरं आहेत, बास्केटबॉल नीट कळतही नाही तरी प्लेअर पॉइंट्सवर पार्ले. एकाने सीझनभरात साधारण जेवढे जिंकले तेवढेच घालवले, तो म्हणतो हिशोब बरोबरीत सुटला. टॅक्सचं काय असतं कोणाला माहीत आहे का?

आकडेमोड:
@टेम्पेचा_विद्यार्थी, हे तुझ्या रूममेटला आजच सांग. एफ-१ वाले पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्ससाठी सहसा नॉनरेसिडेंट धरले जातात. नॉनरेसिडेंटला अशा बेटिंगच्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. ३,००० जिंकला आणि ३,००० हरला तर हातात शून्य आणि फेडरल टॅक्स ९००. भारताशी असलेल्या टॅक्स कराराने यात सूट मिळत नाही. एच-१बीवाले बहुतेक रेसिडेंट असतात, त्यांना हरलेले वजा करता येतात, पण डिडक्शन आयटमाइज केली, म्हणजे रिटर्नमध्ये एकेक वजावट वेगळी दाखवली तरच, आणि २०२६ पासून हरलेल्याच्या फक्त ९० टक्के. म्हणजे ५,००० जिंकून ५,००० हरलात तरी ५०० वर टॅक्स. बरोबरीत सुटला असं कागदावर होतच नाही. रिटर्न भरायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला टॅक्सच्या मदतीबद्दल विचार.

एडिसनवाला:
टॅक्सचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, आभार. तो मंडळाच्या ग्रुपवर आज टाकतो, नव्या आलेल्या मुलांसाठी तर नक्कीच.

शार्लटची_ताई:
एक विचारायचं होतं. वरच्या घरातला नवरा आता थांबायला तयार आहे आणि कामासाठी ते जर्सी सिटीला शिफ्ट होतायत. ॲप डिलीट करून उपयोग नाही, दोन मिनिटांत परत येतं. तिकडे काय सोय आहे?

एडिसनवाला:
ताई, राज्याची सेल्फ एक्सक्लूजनची यादी आहे. स्वतः नाव घालायचं, एक वर्ष किंवा पाच वर्षं, त्या काळात न्यू जर्सीतली कुठलीच कायदेशीर ॲप त्यांना खेळू देणार नाहीत. पण ही यादी राज्यापुरती असते. जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने मॅनहॅटनला उतरलं की न्यूयॉर्कची ॲप चालू, तिथे जानेवारी २०२२ पासून मोबाइल बेटिंग आहे. ऑफिस न्यूयॉर्कला असेल तर दोन्हीकडे वेगवेगळं नाव घालायला सांगा, आणि नॉर्थ कॅरोलायनाचंही निघायच्या आधी करून टाका, कारण सणावाराला परत येणं होणारच. बोलायला कोणी हवं असेल तर १-८००-४२६-२५३७ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन बायकोने केला तरी चालतो, नवऱ्यानेच करायला हवा असं नाही. आणि शिफ्ट झाल्यावर मला इथे मेसेज टाका, मंडळात दोघं-तिघं असे आहेत जे यातून बाहेर आलेत, त्यांच्याशी गाठ घालून देतो.