एका घरात किती चिन्हं?

एकाच रिक्षातून मतदानाला जाऊन चार वेगळी बटणं दाबून येणारं आमचं घर. गाव सांगोला तालुक्यातलं. आजोबांच्या लेखी निवडणूक म्हणजे खटारा, शेकापचं (शेतकरी कामगार पक्षाचं) चिन्ह. गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, ११ वेळा आमदार झाले. २०१९ला ते उभे नव्हते, शेकापकडून त्यांचा नातू होता. मी म्हटलं, "दादा, या वेळी तरी बघून टाका." म्हणाले, "मी माणूस बघूनच टाकतो, मोबाईल बघून तुम्ही टाकता." मी चिडले, पण खरं सांगायचं तर, मी ज्याला मत देणार होते तो काय करतो हेही मला धड माहीत नव्हतं.

तुमच्याकडे कशावरून वाजतं? प्रचार नको, घरातलं सांगा.

लालबाग, वय ५४
आजोबा गिरणीत, लाल बावट्याचे. वडील शिवसेनेच्या शाखेत बसायचे. ८२च्या संपात दोघं एकाच ताटावर बसून भांडायचे, आणि घरात पगार एकाचाही नाही. २०२२ला सेना फुटली तेव्हा वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. लेक म्हणते, "पप्पा, चाळीचा पुनर्विकास कोण करतोय ते बोला."

लातूर, सध्या पुणे, वय २६
लाडक्या बहिणीचे दीड हजार आईला स्वतःच्या खात्यावर मिळाले, ती खूश. बाबा सोयाबीनच्या भावावरून तापलेले. मी स्पर्धा परीक्षेची जाहिरात कधी निघते याची वाट बघतोय. सरकार तिघांचं एकच! फोनवर हा विषय आम्ही काढतच नाही.

लंडन
भारतीय नागरिक असूनही २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात मला मत होतं. ऑफिसातली पोरं राहण्याच्या बाजूची, शेजारचे आजी-आजोबा बाहेर पडायच्या. आमच्या ओळखीतले एक काकाही त्यांच्यातलेच, स्वतः सत्तरच्या दशकात इथे आलेले! त्यांचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

नाशिक, वय ७०
तेव्हा मताला एकवीस लागायची. मला १९७७ला नुकती पूर्ण झालेली. वडील स्वातंत्र्यचळवळीतले, काँग्रेसचं गाय-वासरू सोडून त्यांना काही दिसायचं नाही. मी जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारला. घरी आल्यावर त्यांनी माझ्या बोटावरची शाई बघितली आणि म्हणाले, "मारलास ना नीट?" हो म्हटलं. कुठे मारला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.