मदत हवी आहे : कॅमेऱ्याने तोडलेल्या फाइली जोडून मल्टिकॅम एडिट कसं करायचं?

त्रिताल१६ :
मंडळी नमस्कार. बहिणीच्या कथक क्लासचा वार्षिक कार्यक्रम कालिदास कलामंदिरात झाला. शूटिंग घरच्याघरीच. मागे मधोमध स्टँडवर हँडीकॅम (एव्हीसीएचडी फॉरमॅट, ५०आय म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम), डाव्या विंगेत जुना गोप्रो, उजव्या पायऱ्यांवर मावसभाऊ मिररलेस कॅमेरा घेऊन. शिवाय साउंडवाल्या काकांच्या मिक्सरमधून रेकॉर्डरवर सलग ऑडिओ घेतलाय, तो एकदम स्वच्छ आहे.

आता रडगाणं. हँडीकॅमने दर २ जीबीला नवी एमटीएस (व्हिडिओ) फाइल केलीय, गोप्रोने दर ४ जीबीला. मिररलेस २९ मिनिटं ५९ सेकंदांना स्वतःच थांबतो, मग भावाच्या लक्षात आलं की पुन्हा चालू.

प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एमटीएस एकापुढे एक लावल्या तर चित्र सलग दिसतं, पण सांध्यावर आवाज क्षणभर गायब. एक सांधा नेमका तिहाईवर (एकच बोल तीनदा येतो तिथे) आलाय, तिसरा ‘धा’ अर्धाच ऐकू येतो. शिवाय मल्टिकॅम (सगळे कॅमेरे शेजारी बघून हवा तो निवडायचा) करायला गेलं की प्रत्येक तुकडा वेगळा कॅमेरा धरला जातो, स्क्रीनवर नुसती चौकटींची जत्रा. आणि ऑडिओवरून सिंक केलं तर ततकारात (तालावरच्या पायांच्या कामात) सगळं भलतीकडेच जुळतं.

सगळं कन्व्हर्ट करून एकेक मोठी फाइल करू का? रात्रभर लॅपटॉप तापवून वर क्वालिटी घालवायची जिवावर येतंय. इकडे पालक रोज विचारतात, ‘दादा, व्हिडिओ कधी?’

सिडकोवाला :
कन्व्हर्ट अजिबात करू नका. आधी सांगा, स्ट्रीम फोल्डरमधून नुसत्या एमटीएस उचलल्यात की अख्खं कार्ड कॉपी केलंय?

त्रिताल१६ :
नुसत्या एमटीएस. कार्ड अजून तसंच ठेवलंय, पुसलेलं नाही.

सिडकोवाला :
मग निम्मं काम झालं. एव्हीसीएचडीत रेकॉर्डिंग एकच असतं, कॅमेरा फक्त २ जीबी भरले की कापतो. कापताना आवाजाचं पाकीट अर्धं या फाइलीत, अर्धं पुढच्या फाइलीत जातं. फाइली सुट्या वाचल्या की ते पाकीट वाया, म्हणून तुमचा ‘धा’ गेला. कार्डावरचं ‘प्रायव्हेट’ फोल्डर जसंच्या तसं डिस्कवर घ्या आणि प्रीमियरच्या मीडिया ब्राउझरमधून इम्पोर्ट करा. विंडोजमधून ओढून टाकू नका. मग सगळे तुकडे मिळून एकच क्लिप दिसेल.

कार्ड पुसलेलं असतं तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कॉपी कमांड स्लॅश बी लावून, फाइलींमध्ये अधिकचं चिन्ह देऊन जोडता येतं. ते एमटीएसलाच चालतं हं. गोप्रोच्या एमपी४ ला प्रत्येकीची स्वतःची अनुक्रमणिका असते, नुसत्या चिकटवल्या तर प्लेअर पहिलीच वाजवून थांबेल. त्यांना लॉसलेसकट या सॉफ्टवेअरमध्ये मर्ज करा. री-एन्कोड म्हणजे कन्व्हर्ट होत नाही, डिस्क कॉपी करायला लागेल तेवढाच वेळ.

आणि गोप्रोची नावं बघून जोडा. जीएक्स नंतरचे पहिले दोन आकडे तुकड्याचे, शेवटचे चार रेकॉर्डिंगचे. त्यामुळे ०१००३४ च्या पुढे ०२००३४ यायला हवी, पण विंडोजचा एक्सप्लोरर त्या दोघींच्या मध्ये ०१००३५ घुसवतो.

रेंडर_बाकी :
वरचं सगळं बरोबर, पण मिररलेसला ते लावू नका. तिथे फाइल तुटलेली नाही, रेकॉर्डिंगच थांबलंय. मधली सेकंदं कुठेच नाहीत. ते तुकडे सलग जोडलेत तर दुसऱ्या तुकड्यापासून पुढचं सगळं लवकर येईल आणि तुम्ही सिंकला शिव्या घालत बसाल.

माझी पद्धत : रेकॉर्डरचा ऑडिओ सर्वात खाली पसरायचा. वर प्रत्येक कॅमेऱ्याला एक ट्रॅक. मिररलेसचे तुकडे त्याच्या एकाच ट्रॅकवर, जिथले तिथे, मध्ये मोकळी जागा ठेवून. मग सगळं निवडून नेस्ट करायचं (म्हणजे सगळ्याची मिळून एक क्लिप) आणि राइट क्लिकवरून मल्टिकॅम एनेबल. तीन ट्रॅक म्हणजे तीनच चौकटी. मोकळ्या जागी त्या चौकटीत काळं दिसतं, तेवढ्यापुरतं हँडीकॅमवर जायचं. फुकटच्या रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरमध्ये मल्टिकॅम क्लिप करताना ‘डिटेक्ट क्लिप्स फ्रॉम सेम कॅमेरा’ अशी टिक आहे, पण मला हातानेच लावलेलं बरं वाटतं. काय कुठे आहे ते डोळ्यासमोर राहतं.

ततकाराचं म्हणाल तर सॉफ्टवेअरचा दोष नाही. सोळा मात्रांचं आवर्तन पुन्हा पुन्हा तेच, ते एक आवर्तन पुढे-मागे जुळवून मोकळं होतं. निवेदिकेच्या बोलण्यावर सिंक करा, वाक्य एकदाच येतं. आणि तपासायला पायाची थाप डोळ्यांनी बघा.

गोदाकाठ :
त्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. मागचा कॅमेरा स्टेजपासून पंचवीसेक मीटर असेल तर आवाज त्याच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण चौदावा भाग जातो. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर जवळजवळ दोन फ्रेम. मिक्सरचा आवाज मात्र लगेच आलेला. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) तंतोतंत जुळवलंत तर चित्र तेवढं पुढे पळेल, घुंगरू आधी टेकलेलं दिसेल आणि आवाज मागून. भाषणात कुणाला कळत नाही, कथकमध्ये गुरूंना पहिल्या मिनिटाला कळतं.

त्रिताल१६ :
भारी! मीडिया ब्राउझरने तिसरा ‘धा’ अख्खा मिळाला. गोप्रोही जोडला. मागचा कॅमेरा दोन फ्रेम उशिरा सरकवला आणि चक्रदाराचं (तिहाईसकट तीनदा येणाऱ्या रचनेचं) पाऊल समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बसलं.

आता एकच शंका. दुसऱ्या अंकात एका पालकांनी मोबाइलवर पहिल्या रांगेतून घेतलेलं मस्त फूटेज आहे, पण सुरुवातीला जुळवलं तरी वीस मिनिटांनी ओठ आणि आवाज वेगळे होतात. त्याचं काय?

सिडकोवाला :
मोबाइल बहुतेक वेळा फ्रेम रेट बदलता ठेवतो. ती एकच फाइल हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेम रेटला टाका. हो, इथे कन्व्हर्ट करावंच लागेल. तरी सरकली तर दर रचनेच्या सुरुवातीला कापून पुन्हा जुळवा.