मदत हवी आहे: सहा ठरावीक अक्षरे असलेले इंग्रजी शब्द कसे शोधावेत?

खडूफळा
आर, ई, टी, ए, आय आणि एन या अक्षरांचे इंग्रजी शब्द मला तातडीने हवे आहेत. दोन संकेतस्थळांवर अक्षरे टाकून पाहिली, पण दोन्हीकडे 'रेन', 'नेट', 'टायर' असे लहान शब्दच येतात आणि ते मला नको आहेत. शनिवारपर्यंत किमान वीस शब्द लागतील. ज्यांना पद्धत माहीत आहे त्यांनी कृपया लवकर लिहावे.

सात_टाइल
ताई, स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल जोडून शब्द बनवण्याचा खेळ) खेळणाऱ्यांना ही सहा अक्षरे अगदी जवळची वाटतात. इंग्रजी संचातल्या १०० टाइलपैकी ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, तर एन, आर आणि टी प्रत्येकी ६, म्हणजे ४८ टाइल याच सहा अक्षरांच्या असतात. 'रेटिना' हा शब्द मनात धरून त्यात एकेक अक्षर मिळवत जायचे: सी मिळवला की 'सर्टन', पी मिळवला की 'पेंटर', जी मिळवला की 'ग्रॅनाइट', एच मिळवला की 'हेअरनेट', एम मिळवला की 'मिनरेट'. हातातल्या सातही टाइल एकाच खेळीत लागल्या तर ५० गुण जास्तीचे मिळतात, म्हणून आम्ही हे शब्द पाठच करतो. आपणही पाठ करावेत, संगणकाची गरज नाही.

नदीकाठ
प्रश्न अपुरा आहे. सहाही अक्षरे शब्दात असलीच पाहिजेत, की त्यांतली काही असली तरी चालतील? त्यांच्याशिवाय दुसरी अक्षरे चालतील का? एखादे अक्षर दोनदा आले तर? क्रम हाच हवा का? हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

खडूफळा
सहाही अक्षरे हवीत, हे मला उघड वाटले होते. जास्तीची अक्षरे चालतील, पुनरावृत्ती चालेल, क्रम कोणताही असो.

नदीकाठ
मग आपण चुकीच्या साधनाकडे गेलात. ती संकेतस्थळे दिलेल्या अक्षरांतून बनणारे शब्द देतात. आपल्याला दिलेली अक्षरे पोटात असणारे शब्द हवे आहेत. पहिल्यात आपली अक्षरे ही कमाल मर्यादा असते, दुसऱ्यात ती किमान अट असते.

पंचस्वर
ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर असलेले शब्द हवे असतील, तर 'एज्युकेशन' आणि 'सेक्वोया' लक्षात ठेवावेत. 'फेसीशस' या शब्दात तर ते स्वर वर्णमालेच्याच क्रमाने येतात.

खडूफळा
माहिती चांगली आहे, पण मी स्वरांविषयी विचारलेले नाही.

काळा_पडदा
अ‍ॅपलचा मॅक संगणक असल्यास शब्दांची यादी यंत्रातच असते. टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) उघडून त्या यादीवर 'ग्रेप' ही, दिलेले अक्षर असलेले शब्दच निवडणारी आज्ञा सहा वेळा, दर वेळी एका अक्षरासाठी, पाइपने जोडून (म्हणजे एकीतून उरलेले शब्द पुढचीला देत) चालवावी. सहाही चाळण्यांतून जे उरतील तेच आपले शब्द. एका मिनिटात काम होते, पाठांतराचे कारण उरत नाही.

सात_टाइल
त्या यादीवर विसंबू नये. ती वेब्स्टरच्या १९३४ सालच्या इंग्रजी शब्दकोशावरून घेतलेली आहे. तिच्यात जुने, आज कोणीही न वापरणारे शब्द भरपूर आहेत, पण 'रिटेन्स'सारखी साधी रूपे नाहीत. मुलांसाठी असेल तर निवड माणसानेच करावी लागेल.

वर्णक्रम
सहा चाळण्याही नकोत. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ती शेजारच्या रकान्यात ठेवावीत; हीच त्या शब्दाची किल्ली. 'रिटेन' आणि 'रेटिना' या दोघांचीही किल्ली ए-ई-आय-एन-आर-टी अशी एकच येते, आणि तेवढी जुळवली की झाले.

काळा_पडदा
तसे केले तर 'सर्टन' निसटेल, कारण त्याच्या किल्लीत ए आणि ई यांच्या मध्ये सी येऊन बसतो.

वर्णक्रम
मान्य. म्हणून सरळ जुळणी न करता, ए नंतर कुठेतरी ई, त्यानंतर कुठेतरी आय, अशा क्रमाने किल्ली तपासावी. अक्षरे आधीच लावलेली असल्यामुळे एकच नमुना पुरतो; दोन टी हवे असतील तर नमुन्यात टी दोनदा लिहायचा.

अर्धविराम
ताई, आपल्याकडे मॅक आहे की विंडोज? आणि हे शब्द नेमके कशासाठी हवेत?

खडूफळा
शाळेतला विंडोजचा संगणक आहे. मी मराठी माध्यमाच्या आठवीला इंग्रजी शिकवते. आमची मुले शब्द कानाने लिहितात, त्यामुळे 'पेंटर' लिहिताना ए आणि आय गळून पडतात, 'हेअरनेट'मध्येही आय सुटतो, आणि शंभरदा लाल शाई वापरूनही ते सुधारत नाही. तीच सहा अक्षरे प्रत्येक शब्दात आहेत हे आधी सांगितले, तर मूल लिहून झाल्यावर स्वतःच मोजेल आणि गळलेले अक्षर त्याचे त्यालाच सापडेल, असे मला वाटते. शनिवारी हा प्रयोग करायचा आहे.

अर्धविराम
मग एक्सेल पुरेल. कोणतीही इंग्रजी शब्दसूची पहिल्या रकान्यात चिकटवावी. पुढच्या सहा रकान्यांत काउंटइफ हे मोजणीचे सूत्र लिहावे आणि अटीत त्या त्या अक्षराच्या दोन्ही बाजूंना तारांकन (*) द्यावे, म्हणजे त्याच्या आधी-नंतर काहीही असले तरी चालते. अक्षर असेल तिथे १ येईल, नसेल तिथे ०. बेरीज ६ येते ते शब्द निवडून घ्यावेत. मुलांच्या ओळखीचे 'रिअ‍ॅक्शन', 'कंटेनर', 'एंटरटेन', 'इंटरनॅशनल' हे सगळे यात येतील.

सात_टाइल
'ट्रेनर' आणि 'नायट्रेट'ही घ्यावेत. विज्ञानाच्या तासाला 'नायट्रेट' त्यांच्या कानावरून गेलेला असेल.

खडूफळा
सूत्र चालले. 'माउंटेनियर'समोरही ६ आले. मात्र 'पेंटर'समोर ५ दिसत आहेत आणि आयच्या रकान्यात ० आहे. सूत्र तर सगळीकडे सारखेच आहे. असे का होत असेल?

अर्धविराम
त्या ओळीतला शब्द यादीतून आला आहे की आपण हाताने टंकला आहे?

खडूफळा
हाताने टंकला होता, आणि आय माझ्याकडूनच सुटला होता. आता ६ आले. शनिवारी मुलांना हीच ओळ दाखवते.